वानखेडे मॅडम आणि पुस्तकाबाहेरचा देश

वानखेडे मॅडमना कुणी "तुम्ही कुठल्या?" असं विचारलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि उलट विचारायच्या, "गाव विचारून राहिले की राज्य?"

समोरचा गोंधळायचा. बहुतेक वेळा तो कुठल्याशा मराठी घरातला नवा बदली होऊन आलेला हवाई दलातला अधिकारी असायचा आणि गणपतीच्या आरतीनंतर हातात प्रसादाचा द्रोण धरून नुसतं औपचारिक बोलायला आलेला असायचा. "म्हणजे... मूळच्या?" तो म्हणायचा.

"गाव म्हणाल तं नागपूर. राज्य म्हणाल तं बसा, वेळ लागेल."

आणि खरंच वेळ लागायचा. त्या माणसाचा प्रसाद संपायचा, बायको दारातून खुणा करायला लागायची, तरी मॅडमचं राज्य काही संपत नसे.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सांगलीहून मोहालीच्या एका कंपनीत नोकरीला आले होते. सॉफ्टवेअर तपासण्याचं काम. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, चंदीगडला सेक्टर चाळीसमध्ये एक मराठी मॅडम आहेत, खाली त्या राहतात, वरचे मजले भाड्याने देतात. तोवर माझ्या चार घरमालकिणी पाहून झाल्या होत्या. त्यांनी मांस-मच्छी, मित्र, यायची वेळ, जायची वेळ असं सगळं विचारलं होतं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला.

"चंदीगड कोणत्या राज्यात आहे?"

"पंजाब," मी म्हटलं.

"चूक."

"हरियाणा?"

"चूक. दोघांचीही राजधानी, पण राज्यात कोणाच्याच नाही. केंद्राच्या ताब्यातला प्रदेश. दोघंही म्हणतात आमचं, आणि दोघांचंही नाही." त्यांना भयंकर आनंद झाला होता. "सांगलीकडचे सगळे पंजाबच म्हणतात. ये, सामान घेऊन ये."

त्या दिवसापासून मी 'सांगली' झाले. भाडेकरूंना त्या नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. माझ्या आधी वरच्या मजल्यावर 'उन्नाव' राहत होता आणि त्याच्याही आधी 'जोरहाट'. फोनवर त्यांचं बोलणं कानावर आलं की वाटायचं, बाई नकाशाशी गप्पा मारतायत. "उन्नावचं लग्न झालं का? जोरहाटला मुलगी झाली नं!"

मॅडम ठेंगण्या होत्या. थंडीत सुती साडीवर नवऱ्याचा हवाई दलाचा निळा स्वेटर घालायच्या, पायात खेळाचे बूट. तो स्वेटर त्यांना गुडघ्यापर्यंत यायचा आणि बाह्या दोन वेळा दुमडलेल्या असायच्या. नवरा वॉरंट ऑफिसर होता. इथल्या तळावरून निवृत्त झाला, चंदीगडचे सरळ रस्ते आवडले म्हणून इथेच घर घेतलं आणि थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि लपवतही नसत. इथल्या शाळेत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवायच्या. मग अर्थशास्त्राच्या शिक्षिका सोडून गेल्या आणि जागा भरली नाही, म्हणून तेही शिकवू लागल्या. "सरकारने दोन विषय एका बाईत बसवले," असं म्हणायच्या. पण मला वाटतं, त्यांच्या डोक्यात ते कधी दोन नव्हतेच.

निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी आजूबाजूची मुलं यायची. थंडीत अंगणातल्या उन्हात आणि उन्हाळ्यात हॉलमध्ये पंख्याखाली वर्ग भरायचा. हिंदीत शिकवायच्या, पण सूर अस्सल नागपुरी. पंजाबी मुलं तो सूर उचलायची. हरजोत नावाचा एक उंचापुरा मुलगा तर "बाप्पा!" असं इतकं बेमालूम म्हणायचा की मला माझ्याच देशात परकं वाटायचं.

एकाच बाबतीत त्या पंजाबशी भांडत. हिवाळ्यात इथे गाडीगाडीवर किन्नू येतो. दिसायला संत्र्यासारखा, रसाळ, चांगला असतो. मॅडम तो खात, रोज खात, पण सोलताना प्रत्येक वेळी म्हणत, "हे संत्रं नव्हे." एकदा भाजीवाल्याने "मॅडमजी, संतरा ले लो" म्हटलं तर त्याला त्यांनी पंधरा मिनिटं नागपूरची भौगोलिक परिस्थिती समजावली. शेवटी तो बिचारा म्हणाला, "ठीक है जी, किन्नू ले लो." मग घेतले.

त्यांच्या शिकवण्याची पद्धत मी पहिल्यांदा नीट पाहिली ती एका रविवारी. अकरावीला 'राज्याची मूलतत्त्वं' असा धडा असतो. भूभाग, लोकसंख्या, शासन, सार्वभौमत्व. मुलं पाठ करतात आणि विसरतात. मॅडमनी मुलांना सेक्टरच्या पार्कात नेलं आणि म्हणाल्या, "हा कोपरा तुमचा. देश करा. पुढच्या रविवारी मी पाहायला येईन."

मुलांनी आठवडाभर धमाल केली. दोरी बांधून सीमा आखली. निवडणूक घेतली. हरजोत पंतप्रधान झाला, सिमरन नावाची एक हुशार मुलगी विरोधी पक्षनेता. झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, अर्थात भांगड्याच्या चालीवर. रंगीत कागदाच्या नोटाही छापल्या. आठवडा संपेतो हरजोतने इतक्या नोटा छापल्या की एका खोडरबराला मूठभर नोटा मोजाव्या लागायच्या. सिमरनने सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणला.

रविवारी मॅडम गेल्या. सगळं पाहिलं, राष्ट्रगीताला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "छान. आता परदेशी व्यापार." आणि सगळी वरात मार्केटमधल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली. मी दूध आणायला तिथेच होते. हरजोतने छाती पुढे काढून तीळ-गुळाची गजक मागितली आणि गल्ल्यावर आपल्या देशाच्या नोटा ठेवल्या.

दुकानदार बन्सलजींनी नोटा उलटसुलट करून पाहिल्या. हसले. मग मॅडमकडे पाहून म्हणाले, "मॅडमजी, इस पे आपके साइन हों, तो मैं ले लूँगा."

मुलं ओरडली, "मॅम, साइन करो ना!" हरजोतने तर पेनच पुढे केलं.

मॅडमनी हात मागे घेतले. "करते नं. गजक लगेच मिळेल. पण मग मला सांगा, देश तुमचा राहील की माझा?"

सिमरनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उजळलं. "आपका," ती म्हणाली. "हम कॉलनी हो जाएँगे."

"शाबास!" मॅडम म्हणाल्या आणि आपल्या पर्समधून पैसे काढून सगळ्यांना गजक घेऊन दिली. "ही मदत. याच्यावर पण विचार करा."

परत येताना मला म्हणाल्या, "सांगली, झेंडा कोणालाही शिवता येतो. कर कोण घेतं, नाणं कोण पाडतं, आणि सीमेवर ट्रक कोण अडवतं, ही तिघं जण एकाच घरची असली की समजायचं, देश आहे. आणि तरी एक गोष्ट राहतेच. दुकानदाराने हो म्हणायला पाहिजे."

त्यांना हे इतकं पक्कं वाटत होतं. आणि त्याच पक्केपणाला पुढच्या हिवाळ्यात तडा गेला. तो गेला म्हणूनच मला हे सगळं लिहावंसं वाटतं.

दुसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली होती. एका दुपारी फाटकाशी एक सडपातळ, उंच, काळासावळा मुलगा उभा राहिला. मोहालीपलीकडच्या खरड गावाजवळ एका कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकत होता. नाव यासीन. सभ्य इंग्रजी, कामापुरती हिंदी. तो आधीच सांगून मोकळा झाला, "मॅम, मी आफ्रिकेतला आहे. पुष्कळ लोक फोनवर हो म्हणतात आणि मला पाहून खोली गेली म्हणतात. तुम्ही आत्ताच सांगितलंत तर माझा वेळ वाचेल."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "आफ्रिका केवढी मोठी आहे. त्यात कुठला?"

"सोमालीलँड."

"सोमालिया?"

"नाही मॅम. सोमालीलँड." तो हे आयुष्यात असंख्य वेळा म्हणाला असावा. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "राजधानी हर्गेसा."

मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी फाटक उघडलं. "ये. सामान कुठे आहे?"

शेजारच्या दोन घरांतून कुजबुज झाली. एक बाई येऊन गेल्या, "सोच लो जी, ज़माना ख़राब है." मॅडमनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विचार झाला. त्याला तुमच्याकडे पण पाठवते, भेटा." दुसऱ्या दिवशी खरंच पाठवलं, सांबारवडीचा डबा देऊन. कोथिंबिरीचं सारण भरलेली ही नागपुरी वडी यासीनला इतकी आवडली की शेजारणीपर्यंत डबा अर्धाच पोचला. ती बाई पुढे त्याच्याकडून मुलीचं इंग्रजी तपासून घेऊ लागली.

यासीन 'हर्गेसा' झाला. मॅडमना तर घरात खजिना सापडल्यासारखं झालं होतं. सकाळी चहाला त्याला खाली बोलवायच्या आणि प्रश्न विचारायच्या. बंदर कोणतं? निर्यात काय? पगार कोण देतं? तो सांगायचा. बर्बेराचं बंदर, तिथून अरबस्तानात जहाज भरून जाणाऱ्या शेळ्यामेंढ्या, परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेला पैसा. स्वतःचे पोलीस, स्वतःचं नाणं, निवडणुका. भाजीवालाही मोबाइलवरून पैसे घेतो. आणि एवढं सगळं असून जगाच्या नकाशावर रेघ नाही.

मॅडमनी त्याला वर्गात बोलावलं. थंडीची दुपार होती, अंगणात ऊन होतं, मी सुट्टीवर होते म्हणून मीही खुर्ची ओढून बसले. यासीन छान बोलला. खिशातून आपल्या देशाच्या नोटा काढून मुलांच्या हातात दिल्या. मुलं त्या उन्हात धरून बघत होती. हरजोतने विचारलं, "ह्या खऱ्या आहेत?" यासीन हसला, "माझी आई याच्यावर दूध आणते. तेवढ्या खऱ्या."

शेवटी सिमरनने हात वर केला. ती परीक्षेच्या तयारीत होती, तिला उत्तर हवं होतं. "मॅम, तो यह देश है या नहीं?"

मॅडमनी तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने उत्तर दिलं. विचार करायला क्षणभरही थांबल्या नाहीत. "नाही. चार तत्त्वं दिसतात, पण मान्यता नाही. म्हणून परीक्षेत लिहायचं, सोमालियाचा भाग."

यासीनने मुलांकडून एकेक नोट परत घेतली, नीट सरळ करून खिशात ठेवली. "थँक यू, मॅम," तो म्हणाला. "मी कुठूनच आलो नाही, हे मला माहीत नव्हतं." आणि जिना चढून वर गेला.

त्यानंतर तो चहाला खाली येईना. मी सहज म्हटलं, "तुम्ही चूक काही बोलला नाहीत, मॅडम. पुस्तकात तेच आहे."

"हो नं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तं."

त्यांचे गुडघे वाईट होते. मी राहत होते त्या पहिल्या मजल्यावरही त्या वर्षातून एखाद-दोनदा यायच्या. एका सकाळी तर्री-पोह्यांचा वास जिन्यात आला आणि मागोमाग मॅडम. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. मी डबा घ्यायला धावले तर दिला नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या आणि शेवटच्या पायरीवरच बसल्या. यासीन दार उघडून घाबरून बाहेर आला.

"हर्गेसा," त्या धापा टाकत हिंदीत म्हणाल्या, "मी आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, देश म्हणजे काय. आज मी खाली बसते. तू सांग."

तो पोहे खाता खाता बोलला. त्याच्या आजोबांचं हर्गेसात घर होतं. दगडी, दोन खोल्यांचं. यादवीच्या काळात शहरावर बॉम्ब पडले. टाकणारी विमानं शत्रूची नव्हती, सोमालियाच्याच सरकारची होती आणि हर्गेसाच्याच विमानतळावरून उडत होती. आजोबा त्या घराखाली गेले. त्याच्या वडिलांनी नंतर त्याच जागी घर बांधलं. "ज्यांनी ते घर पाडलं, त्यांचा मी भाग आहे असं पुस्तक म्हणतं," यासीन म्हणाला. "मॅम, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात?"

पुढच्या वर्गात मॅडमनी मुलांना उभ्यानेच सांगितलं, "मागच्या वेळी मी अर्धंच शिकवलं. यात दोन मतं आहेत. एक म्हणतं, देश असला की असतो. दुसरं म्हणतं, मानला की असतो. परीक्षेत दोन्ही लिहा. आणि तिसरी गोष्ट परीक्षेत विचारणार नाहीत, पण लक्षात ठेवा. माणूस समोर बसला असताना त्याला पुस्तक वाचून दाखवायचं नसतं. मी दाखवलं. हर्गेसा, मला माफ कर."

यासीन मागच्या खुर्चीवर होता. तो उठला आणि त्यांच्या पाया पडला. कुठे शिकला होता कोण जाणे. इथल्या मुलांचं पाहून शिकला असेल.

पण खरी अडचण पुढेच होती. त्याचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि पासपोर्टची मुदत संपत आली होती. पासपोर्ट अर्थातच सोमालियाचा. सोमालीलँडचा पासपोर्ट बहुतेक देश मानतच नाहीत. पहिला पासपोर्ट त्याच्या वडिलांनी कुणामार्फत तरी करून आणला होता, तेव्हा तो शाळकरी होता. आता त्याला स्वतः दिल्लीला जाऊन, त्या देशाच्या कचेरीत उभं राहून, मी तुमचा नागरिक म्हणून सांगावं लागणार होतं. नाही केलं तर इथला राहण्याचा परवाना वाढणार नव्हता. परीक्षा जाणार, पदवी जाणार.

"मी जाणार नाही," यासीन म्हणाला. "आजोबांना काय तोंड दाखवू?"

कॉलेजातल्या मित्रांनी समजावलं. हर्गेसाहून वडिलांचा फोन आला, ते ओरडले, मग रडले. यासीन ऐकेना. दिवस जात होते. मॅडम काहीच बोलत नव्हत्या आणि मला त्यांचा राग येत होता. शेवटी एका सकाळी त्या खालून ओरडल्या, "हर्गेसा! सांगली! उद्या दिल्लीला जायचंय. मला माझं काम आहे, एकटीने बस चढवत नाही. दोघं चला."

त्यांचं दिल्लीत काही काम नव्हतं. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण मॅडमना नाही म्हणायची यासीनला सोय नव्हती. पाया पडून बसला होता.

सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यावरून पहाटेची बस घेतली. धुकं होतं. अंबाला मागे पडल्यावर मॅडमनी डबा उघडला, वडी दोघांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्या बाबांची गोष्ट सांगते. नागपूर आधी राजधानी होतं. मोठ्या राज्याची. बाबा सचिवालयात कारकून. मग राज्यांची नवी वाटणी झाली. एका सकाळी बाबा ऑफिसला गेले, तं राजधानी नव्हती. टेबलं तीच, खिडक्या त्याच. पण राज्य निघून गेलं होतं. सायबांनी विचारलं, मुंबईला येता का? बाबा म्हणाले, नाही येत. कमी पगाराची नोकरी धरली, पण नागपूर सोडलं नाही. मरेपर्यंत 'आमचं राज्य' म्हणत राहिले. आई चिडायची, कुठे आहे तुमचं राज्य? बाबा म्हणायचे, राज्य गेलं, पण नागपूर कुठे गेलं? सकाळी नळाला पाणी येऊन राहिलं नं?"

यासीन खिडकीबाहेर पाहत होता. पण ऐकत होता.

"आता दुसरी गोष्ट. माझं नाव काय?"

"वसुधा वानखेडे," तो म्हणाला. फाटकावर पाटी होती.

"नव्हे. मी पुष्पा. पुष्पा ढोके. आमच्यात तेव्हा लग्नात मुलीचं नाव बदलायचे. तांदळात अंगठीने नवीन नाव लिहायचे. मला कोणी विचारलं नाही. एका सकाळी पुष्पा होते, संध्याकाळी वसुधा झाले. त्याच नावावर नोकरी केली, त्याच नावावर पेन्शन घेते, त्याच नावाने मतदान करते. सही करताना कधी हात अडला नाही. पण माहेरी गेले की आई दारातून ओरडायची, पुष्पे! आणि मी ओ द्यायची. मी खोटी होते का रे?"

यासीनने मान हलवली. नाही.

"पासपोर्ट म्हणजे दुसऱ्यांनी तुला ठेवलेलं नाव आहे, राजा. त्याच्यावर तुझी परीक्षा होते, विमान मिळतं, आईला भेटता येतं. ते वापर. कागदावरचं नाव वापरायचं आणि हाकेचं नाव जपायचं. बायकांना हे माहीत असतं. देशांना अजून कळायचं आहे."

यासीनने विचारलं, "तुम्हाला आता कुणी पुष्पा म्हणतं?"

"आता कोणी राहिलं नाही," मॅडम म्हणाल्या. आणि डब्याचं झाकण लावलं.

दिल्लीत त्या कचेरीच्या बाहेर आम्ही दोघी बाकावर बसलो. यासीन आत गेला. पुष्कळ वेळ लागला. मॅडम सगळा वेळ हातातली पर्स उघडत होत्या आणि बंद करत होत्या. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर आला तेव्हा यासीनचा चेहरा मला वाचता येईना.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"खिडकीत एक म्हातारा माणूस होता," तो म्हणाला. "माझी बोली ऐकून त्याने वर पाहिलं. म्हणाला, हर्गेसा? मी म्हटलं, हो. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, मी लहानपणी तिथे शिकलो. तिथला उंटाच्या दुधाचा चहा अजून तसाच मिळतो का?"

"मग तू काय सांगितलं?"

"म्हटलं, मिळतो." आणि तो फुटपाथवर बसून रडला. मॅडम त्याच्याजवळ उभ्या राहिल्या, त्याचं डोकं आपल्या कमरेशी धरून, दिल्लीची रहदारी बघत.

परतीच्या बसमध्ये तो झोपला. मॅडम माझ्याकडे वळून मराठीत हळू म्हणाल्या, "सांगली, इतकी वर्षं मुलांना सांगितलं देश कशाने होतो. कोणी विचारलंच नव्हतं, नसला तं काय करायचं."

पासपोर्ट आला, परवाना वाढला, यासीन चांगल्या गुणांनी पास झाला. निघायच्या दिवशी फाटकाशी टॅक्सी उभी होती, हरजोत सामान चढवत होता. यासीनने मॅडमना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "येतो, पुष्पा मॅम." 'जातो' नाही, 'येतो'. मी शिकवलं होतं. पण नाव त्याने स्वतःच उचललं होतं. मॅडमनी त्याच्या पाठीवर जोरात धपाटा घातला आणि घरात निघून गेल्या. टॅक्सी वळेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

तो आता हर्गेसात एका कॉलेजात शिकवतो. पोचल्यावर त्याने व्हिडिओवर फोन केला आणि पलीकडे आई बसवली. त्या बाईंना सोमाली आणि थोडी अरबी येत होती. मॅडमना मराठी, हिंदी, इंग्रजी. यासीन भाषांतर करायला बसला होता, पण त्याला दोघींनी बोलूच दिलं नाही. ती सोमालीत बोलत होती, या नागपुरीत. "बारीक झाला इथे, काय सांगू तुम्हाला! भाजी खायला नको त्याला!" पलीकडून उत्तर यायचं, दोघी हसायच्या. ती आई मधेच डोळे पुसायची आणि या इकडे मान डोलवायच्या. इतकं लांबलेलं संभाषण मी कुठल्या दोन देशांत झालेलं पाहिलेलं नाही.

माझं मॅडमशी नातं काय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. चंदीगडला मी दोन वर्षांसाठी म्हणून आले होते आणि पहिले सहा महिने माझी बॅगही पूर्ण उघडली नव्हती. त्यांनी ती उघडायला लावली. "जिथे दूधवाला तुला ओळखतो, तिथली तू," म्हणाल्या. मग मी मुद्दाम जाऊन दूधवाल्याशी बोलले. साधी गोष्ट. पण त्यानंतर मी जिथे राहिले, तिथे पाहुण्यासारखी राहिले नाही. हे ऋण मी फिटलं असं मानत नाही, आणि फेडावं असं त्यांनाही वाटलं नसतं.

माझी पुण्याला बदली झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. झोपेतच गेल्या. हरजोतने फोन केला. तो आता वकिली शिकतो. म्हणाला, खांदा द्यायला आजवरच्या वर्गांतली मुलं आली होती, काही तर मुलाबाळांची झाली होती. त्यातल्या एकाने विचारलं, मॅमचं गाव कुठलं, अस्थी कुठे न्यायच्या? सिमरन म्हणाली, अर्ध्या नागपूरला आणि अर्ध्या इथे. मॅडमचे दीर नागपूरहून आले होते, त्यांनी मान्य केलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चंदीगड सोडताना. लोकसभेचं मतदान होतं, जूनचं ऊन रणरणत होतं. माझी दुपारची गाडी होती. घरी त्या नव्हत्या, म्हणून निरोप घ्यायला मी शाळेच्या आवारातल्या मतदान केंद्रावर गेले. लांबलचक रांग होती. म्हाताऱ्यांसाठी वेगळी सोय होती, सावलीत खुर्च्या होत्या. मॅडम मात्र रांगेतच उभ्या होत्या. पुढे एक ऑटोवाला, मागे कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी. मॅडमनी छत्री त्या बाळावर धरली होती आणि स्वतः उन्हात होत्या.

एक तरुण कर्मचारी त्यांची विनवणी करत होता, "आंटीजी, आप आगे चलो, बैठ जाओ."

"काहून?" मॅडमनी त्याला चक्क मराठीतून कारण विचारलं. मग हिंदीत, "बेटा, हे सगळे उभे आहेत नं? मग मी पण उभी राहीन."

मी जवळ गेले, वाकून नमस्कार केला. त्यांनी माझा गाल चिमटीत धरला आणि सोडला. बाळाने छत्रीचा दांडा पकडला होता, तो त्यांनी अलगद सोडवला. रांग एक पाऊल पुढे सरकली आणि त्याही सरकल्या.

"थांबते ना मी," मी म्हटलं. "तुमचं होईपर्यंत."

"बाप्पा, गाडी चुकेल तुझी. जा, सांगली." त्या पुढे बघूनच म्हणाल्या. "माझा नंबर यायला वेळ आहे अजून."